वत्सलाचा प्रोग्राम

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — आणि गोष्ट तिचीच आहे.

तसं आमचं छान चाललंय. चेन्नईजवळ तांबरमला घर, सकाळी वत्सलाच्या हातची फिल्टर कॉफी, तिचं ते तमिळ हेलातलं तंजावरी मराठी — मी सोलापूरचा, मला अजून ऐकत राहावंसं वाटतं. सुखात आहे मी, खोटं कशाला बोलू? पण हे सुख सुरू कुठून झालं, तेच तर सांगायचंय.

आम्ही दोघं एकाच कंपनीत मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या जुन्या संगणकांवर, प्रोग्राम लिहायला होतो. तिथे एक प्रोग्राम दुसऱ्याला बोलावतो, दुसरा तिसऱ्याला. काम झालं की ज्यानं बोलावलं त्याच्याकडे परत जायचं, एवढीच रीत. त्या परतीच्या जागी चुकून ‘स्टॉप रन’ लिहिलं, की वरचे बोलावणारे सगळेच तिथल्या तिथे संपतात. आणि यंत्र — चकार शब्द काढत नाही.

मुख्य प्रोग्राम वत्सलाचा होता, तिनं बोलावलेला खालचा माझा. मी माझा एकटाच चालवून तपासला होता, मग चूक कशी सापडणार? प्रत्यक्षात पहिल्याच ग्राहकाच्या नोंदीपाशी सगळं गप्प झालं. साहेब वत्सलाला सगळ्यांदेखत नको ते बोलले. ती जेवायलाही उठली नाही, स्वतःची ओळन् ओळ तपासत बसली. मी शेजारीच. मला तर माझी चूक दुपारीच दिसली होती — आणि काय केलं मी? गुपचूप माझ्यातला तो ‘स्टॉप रन’ बदलला आणि म्हटलं, “आता चालवून बघ.”

चाललं. तिला वाटलं, तिनं मघाशी केलेल्या दुरुस्तीनंच. तिनं सगळ्यांची माफी मागितली. माझे आभार मानले — शेजारी बसून राहिलो म्हणून. त्या संध्याकाळी आम्ही पहिल्यांदा एकत्र कॉफी प्यायलो. तेव्हा सांगता आलं नसतं? आलं असतं. मी भ्यालो. शिवाय ती माझ्याकडे बघून हसत होती, ते आवडतही होतं.

पुढे तिनं टेस्टिंगमध्ये बदली मागून घेतली. प्रोग्रामची म्हणून पुन्हा एक ओळ लिहिली नाही.

आता आमची मुलगी कॉलेजात प्रोग्रामिंग शिकतेय. परवा तिनं विचारलं, “अम्मा, तू का सोडलंस?” डोशाचं पीठ ढवळता ढवळता वत्सला म्हणाली, “मला ते जमलंच नाही, कण्णा.” मी तिथेच होतो, पेपर उघडून.

तिला जमत होतं. माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं.