गीझरचं गार पाणी

सदानंद शिगवण हा माणूस धनंजय पेठ्यांना फारसा माहीत नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. दापोलीकडचा, एसीचं काम करणारा, चहात साखर कमी घेणारा, एवढंच. त्याला मुलं किती, हेदेखील पेठ्यांनी कधी विचारलं नाही. त्यांच्या ओळखीत जे काही बोलणं झालं ते बहुतेक बेडकांविषयी, आणि बेडकांतलं दोघांनाही पुरतं कळत नव्हतं.

पेठे अमिरातीतल्या अल ऐनच्या एका इस्पितळात स्टोअर सांभाळत. सदानंद त्यांच्या बिल्डिंगमध्ये एसी साफ करायला येई. पण त्याची खरी नोकरी गावाबाहेरच्या एका धनिकाच्या बागेत होती. या मालकाने सत्त्याण्णव साली हौसेने एक मोठं काचघर बांधलं आणि आत मलेशियातलं जंगल उभं केलं. झाडं, शेवाळ, छोटा धबधबा आणि बेडूक. बाहेर वाळू तापलेली आणि आत धुकं. ते धुकं आणि तो गारवा टिकवण्याचं काम सदानंदकडे आलं.

एका शुक्रवारी त्याने पेठे पतिपत्नींना तिथे नेलं. आत शिरताच सुचित्राबाईंनी नाकाला रुमाल लावला.

"गावी पायात यायचे तेव्हा हाकलले," त्या म्हणाल्या, "आणि आता गाडी काढून बघायला आलोय."

"वहिनी, तुमच्या चपलेजवळ एक बसलाय."

"कुठाय? पान आहे ते."

पानाने डोळे मिटून उघडले. सुचित्राबाई पेठ्यांचा दंड धरून मागे सरल्या.

"कामगारांच्या कॅम्पातल्या खोलीसारखं आहे बघा," सदानंद म्हणाला. "खालच्या बंकवर कोण, वरच्या बंकवर कोण, ठरलेलं. हा पानासारखा दिसतो तो जमिनीवरचा, कुजक्या पाल्यातला. तो चपटा धबधब्याच्या दगडावरचा, पाणी वाहतं नसेल तर जगत नाही. झाडाच्या ढोलीत पाणी साठतं, त्यातले वेगळे. आणि वरच्या बंकवर तो हिरवा. बोटांमध्ये पडदे आहेत, फांदीवरून तरंगत खाली उतरतो. याकूब सांगायचा, त्यांच्याकडे एकेका डोंगरात कितीतरी जाती, पण कोणी कोणाच्या जागेवर जात नाही."

याकूब म्हणजे बेडकांबरोबर मलेशियाहून आलेला माणूस. काही महिने राहून, मोडक्या इंग्रजीत जमेल तेवढं शिकवून तो परत गेला होता.

"आणि इथे?" पेठ्यांनी विचारलं.

"इथे सगळ्यांना एकच खोली."

मालकाची हौस लवकरच फिटली. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी गार करणारं मशीन बंद पडलं. त्याचा पार्ट मागवायचा होता. मॅनेजर दर वेळी "इन्शाल्ला, नेक्स्ट वीक" म्हणायचा. आधी दगडावरचे गेले, मग ढोलीतले. पानासारखे कधी गेले ते कळलंही नाही. पाला गोळा करताना एखादं पान हाताला जड लागे, तेव्हा सदानंदला समजायचं. सप्टेंबरात उरलेल्या हिरव्या जोडीने पाण्यावर झुकलेल्या एका पानावर फेसाचं घरटं केलं आणि काही दिवसांत तीही दोघं मेली. फेसातून पिल्लं सदानंदने खाली ठेवलेल्या टबात पडली. त्या जंगलातलं आता एवढंच जिवंत होतं.

"बेडूक दाखव, पार्ट मागवतो," मॅनेजर म्हणाला. "नाहीतर काचघर खलास."

पिल्लांना गार पाणी हवं होतं. इथल्या उन्हाळ्यात गार पाण्याचा नळ सोडला तर हात भाजतो, कारण टाक्या गच्चीवर. म्हणून एप्रिल लागला की लोक गीझरचं बटण बंद करतात. गीझर घराच्या सावलीत असतो, त्यातलं पाणी निवतं. मग गरमच्या नळातून गार येतं आणि गारच्या नळातून गरम. नवा माणूस एकदा पोळतो आणि शिकतो. सदानंदने हीच युक्ती केली. काचघराला लागूनच कामगारांची खोली होती. तिथल्या गीझरपासून त्याने बारीक नळी टबापर्यंत आणली आणि अखंड धार सोडली.

पिल्लं वाढली. एक दिवस इस्पितळात फोन आला.

"साहेब, एकाला मागचे पाय फुटले."

"बारसं कधी आहे विचारा," सुचित्राबाई घरी म्हणाल्या. पण दर शुक्रवारी पहिला प्रश्न त्यांचाच असे.

ऑक्टोबरअखेर संध्याकाळी थोडी थंडी पडू लागली. दुपारचं ऊन अजून तापत होतं, म्हणून आणखी आठवडाभर नळी राहू द्यायची असं सदानंदने ठरवलं होतं. त्यात त्याला ताप आला आणि तो दिवेलागणीलाच झोपला. त्याच्या खोलीत लियाकत नावाचा माळी राहायचा. मनाने चांगला माणूस. सदानंद कुडकुडतोय हे त्याने पाहिलं आणि त्या हंगामात घरोघरी जे करतात तेच केलं. गीझर लावला.

सकाळी टबावर वाफ होती. पिल्लं तळाशी पडली होती. त्यांतल्या एकाला पुढचे पायसुद्धा फुटले होते.

"भाई, तुम काँप रहे थे," लियाकत म्हणाला. "मैंने सोचा, सुबह गरम पानी से नहा लोगे."

लियाकत टॉवेल घेऊन उभा होता. सदानंदने त्या पाण्याने अंघोळ केली.

हे त्याने त्या शुक्रवारी पेठ्यांना सांगितलं, एसीची जाळी धुता धुता.

"पुन्हा घालतील अंडी," पेठे म्हणाले.

"कोण घालणार, साहेब?"

लियाकतला काय बोललात, पेठ्यांनी विचारलं. "काय बोलणार? बरं वाटतंय म्हटलं," सदानंद म्हणाला.

नंतर काचघराची वीज तोडली. झाडं उभ्या उभ्या वाळली. बेडकांचा विषय पेठ्यांनी काढला नाही, सदानंदनेही नाही, आणि मग बोलायला फारसं काही उरलं नाही. एप्रिलमध्ये एसी साफ करायला दुसराच माणूस आला. सदानंदचा व्हिसा कॅन्सल झाला, यापलीकडे त्या नव्या माणसाला ठाऊक नव्हतं. दापोलीचा पत्ता पेठ्यांकडे कधीच नव्हता.

सदानंद शेवटचा आला तो डिसेंबरात. काम झाल्यावर हात धुवायला बेसिनपाशी उभा राहिला. कोपरापर्यंत काळे झाले होते.

"डावीकडचा सोडा, गरम येईल," पेठे म्हणाले. "गीझर लावलाय."

"असू दे, साहेब. गार चालतं मला."