कौतुकाचा धसका

हसायचं असेल तर आधी कप खाली ठेवा. नंतर शर्टावर चहा सांडला तर मला बोल लावायचा नाही. मी केलेला घोळच तसा आहे.

कंपनीने मला नेतृत्वाच्या शिबिराला पाठवलं. तिथल्या गुरुजींनी मनावर ठसवलं, की प्रत्येक माणसात झोपलेली शक्ती असते आणि चांगला साहेब ती कौतुकाने जागी करतो. आता मला सांगा, आपल्याकडे ऑफिसात माणसाचं तोंडभरून कौतुक कधी होतं? निरोप समारंभाला! शाल, नारळ, दोन भाषणं, की गेला माणूस. एरवी काम चांगलं झालं तर साहेब नुसता "हं" म्हणतो. हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

सोमवारी आल्या आल्या मी मेश्राम मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. काटोलहून संत्री आणणाऱ्या गाड्यांचं सगळं त्याच बघतात. त्या एक दिवस नसल्या तर आम्ही फोन उचलायलाही घाबरतो. मी दार लावलं, चहा मागवला आणि म्हणालो, "मॅडम, तुमची कुवत या टेबलात मावत नाही. तुम्ही फार मोठं काही करू शकता."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. चहाला हात न लावता त्या उठून गेल्या. मला वाटलं, गहिवरल्या बिचाऱ्या! मग त्याच उत्साहात मी हिशेब बघणाऱ्या धोट्यांना बोलावलं आणि त्यांनाही उंच आकाश वगैरे दाखवलं.

दुपारी ऑफिसात सुतकी शांतता. डबेसुद्धा कोणी उघडले नाहीत. थोड्या वेळाने मेश्राम मॅडम डोळे पुसत आत आल्या, मागोमाग धोटे.

"सर, माझं काही चुकलं असन तर तोंडावर सांगा," त्या म्हणाल्या. "पण मले मौद्याच्या गोडाऊनले नका पाठवू. पोरगी बारावीले हाये, घरी मी एकटीच हावो तिले पाहाले."

बदलीचा विषय कुठून आला? घाईघाईने म्हणालो, अहो, तुम्हाला कोण पाठवतंय, तुम्ही तर या ऑफिसचा कणा आहात. झालं! बाईंना हुंदकाच फुटला.

धोटे हताश होऊन म्हणाले, "सर, तुम्ही तर अजूनच चांगलं बोलून राहिले. आता आम्ही काय समजायचं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. खरं सांगतो, फार वाईट वाटलं. एक बाई सकाळपासून जीव मुठीत धरून बसलेली, आणि मी तिची शक्ती जागी करतोय! मी आवाज चढवला, "शनिवारची गाडी उशिरा काहून सुटली? लक्ष कुठे असते तुमचं?"

काय जादू झाली म्हणून सांगू! मॅडम चक्क हसल्या. ड्रायव्हर उशिरा आला सर, उद्या नाही होणार, असं म्हणत तरातरा टेबलाकडे गेल्या. पाठोपाठ बाहेर डब्यांची झाकणं वाजायला लागली.

संध्याकाळी निघताना धोटे दारात थबकले. "काही म्हणा सर, तुमच्यासारखा साहेब आम्हाले शोधूनही भेटणार नाही."

याला काय कळलंय, जे मला कळलेलं नाही? तडक मोठ्या साहेबांना फोन लावला आणि विचारलं, माझी बदली होतेय का?

ते हसले. "भलतंच काय! अहो, तुमच्यासारखा कर्तबगार माणूस..."

पुढचं मी ऐकलंच नाही. एका हाताने फोन कानाला धरून दुसऱ्या हाताने खणातलं सामान पिशवीत भरत होतो.