पर्शियन मांजरीचं पथ्य

कागदावर तिचं नाव चार शब्दांचं होतं आणि तिच्या आजोबांच्या नावापुढे ‘चॅम्पियन’ अशी पदवी होती. घरात आम्ही तिला नुसतं मांजर म्हणायचो, कारण कुठल्याही नावाने हाक मारली तरी ती येत नसे.

बायकोची भाची पुण्याहून ही पर्शियन मांजर घेऊन आली ती ‘थोड्या दिवसांसाठी’. परदेशातली नोकरी नक्की झाली की ती मांजरीला तिकडे नेणार होती. नोकरी नक्की झाली. सुरुवातीला भाची व्हिडिओ कॉलवर आधी मांजरीची चौकशी करायची आणि मग आमची. पुढे दोन्ही चौकश्या थांबल्या. बायकोने पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, ‘‘माझ्याने मांजरीचं काही होणार नाही हं.’’ पण शाळेतून निवृत्त झाल्यापासून गप्प गप्प झालेली ही बाई महिन्याभरात त्या मांजरीशी बोलायला लागली. माझ्याशी नाही, तरी घरात कोणाशी तरी बोलत होती.

मालवणजवळच्या आमच्या वाडीत मांजरांना तोटा नाही. ती वळचणीला जन्मतात, जेटीवर बांगड्याच्या डोक्यांवर वाढतात आणि कुठेतरी निघून जातात. त्यांचं कोणी कौतुक करत नाही. हिला बघायला मात्र माणसं चपला बाहेर काढून, जरा अंतर राखून बसली. कुलीन जनावर म्हणजे काय याचा आमच्या वाडीचा अनुभव गाईंपुरता. त्यामुळे एका गृहस्थांनी विचारलं, ‘‘जर्सी आसा काय ह्यां?’’

‘‘मांजार आसा,’’ बायको म्हणाली.

‘‘उंदीर धरता?’’

‘‘नाय.’’

‘‘मासो खाता?’’

‘‘नाय.’’

‘‘मगे करता काय?’’

बायकोने थोडा विचार केला. ‘‘आसता,’’ ती म्हणाली.

यापेक्षा नेमकं वर्णन मला त्या जातीवरच्या पुस्तकांतही मिळालं नाही. पुस्तकांत तिच्या ‘राजस शांतपणा’बद्दल बरंच होतं. प्रत्यक्षात ती सोफ्यावर ठेवल्यासारखी बसायची, उडी मारायची नाही, ओरडायची नाही. माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून तिचं नाक जवळजवळ पुसून टाकलं होतं. त्यामुळे डोळ्यांचं पाणी उतरायला वाट नव्हती आणि ते चेहऱ्यावरून ओघळत राहायचं. बघणाऱ्याला वाटे, हिला कसलं तरी खोल दुःख आहे. बायको सकाळ-संध्याकाळ उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून ते डोळे पुसायची. खोल भांड्यात तोंड जात नसे, म्हणून बशी. केस रोज विंचरायचे, नाहीतर काखेत गाठी होतात आणि कातडी ओढली जाते. आमच्याकडच्या दमट हवेत त्या केसांचं जे होतं ते सांगण्यात अर्थ नाही. भातकापणीच्या दिवसांतल्या उकाड्यात वीज गेली की मी पुठ्ठ्याने वारा घालायचो. मी त्या घराण्याच्या सेवेत केव्हा लागलो ते मला कळलंच नाही.

त्याच उकाड्यात तिने खाणं सोडलं. पाणी मात्र बशीमागून बशी. आमच्या भागातले जनावरांचे डॉक्टर चांगले होते, पण त्यांचं आयुष्य गाई-म्हशींत गेलेलं. त्यांनी आम्हाला गोव्याला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर मूत्रपिंडं दाखवली. काळ्या द्राक्षांचे दोन घोस असावेत तशी दिसत होती.

‘‘पाण्याचे फोड आहेत. जन्मतःच असतात, वयाबरोबर वाढतात,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘या जातीत आई-बापांकडून येतात.’’

म्हणजे वंशावळ खरी होती. चॅम्पियन आजोबांनी किंवा त्यांच्यासारख्याच कोणी मानकऱ्याने नातीला नाकाशिवाय आणखीही काही दिलं होतं.

बायकोने एकच विचारलं, ‘‘जगेल ना?’’

डॉक्टरांनी पथ्य सांगितलं. मीठ बंद, मासे बंद, सुकी मासळी तर अजिबात नाही. पाकिटातलं ठरावीक खाणं, आणि घरीच कातडीखाली सलाईन. प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. बायकोच्या लक्षात आलं नाही, किंवा तिने येऊ दिलं नाही. ती खिडकीच्या गजाला सलाईनची पिशवी अडकवून सुई टोचायला शिकली. मांजर हलायचीसुद्धा नाही. प्रतिकार करणं तिच्या घराण्यात नव्हतं. पाकिटातल्या खाण्याकडे मात्र ती बघत नसे. अंगावरचे केस तेवढेच होते, पण उचलली की आत मांजर कमी लागायची.

शेजारची ख्रिस्ती मावशी तोवर देवगडला लेकीकडे होती. वाडीत कोणीही आजारी पडलं, मग ते घर कुठल्याही देवाचं असो, की मावशीची पेज तिथे पोचते. उकड्या तांदळाची पेज आणि वर भाजलेला सुका बांगडा. डॉक्टर त्यानंतर. ती परतली आणि त्याच दुपारी टोप घेऊन आमच्या ओटीवर हजर.

‘‘गो बाय, मांजार आजारी पडला आणि माका सांगूक नाय?’’

‘‘मावशी, तेका मीठ चलणा नाय. डॉक्टरान सांगल्यान हा.’’

‘‘मिठाशिवाय कोण जगला गो?’’ म्हणत मावशीने बांगडा पेजेत कुस्करला आणि बोट मांजरीच्या तोंडासमोर धरलं. बायको ‘नको नको’ म्हणत पुढे झाली आणि थांबली. मांजर ते बोट चाटत होती. मावशीने पुन्हा बोट बुडवलं. पुन्हा चाटलं.

‘‘बघ, खाता मां! तुझो डॉक्टर रवलो गोव्याक!’’

‘‘अहो, खातेय ती!’’ बायको मला म्हणाली. तिचा असा आवाज मी फार दिवसांनी ऐकला.

मावशी गेल्यावर बायकोने गोव्याच्या डॉक्टरांना फोन लावला. पथ्य मोडल्याची कबुली द्यायची आणि पुढे किती द्यायचं ते विचारायचं, असा तिचा बेत होता. फोन स्पीकरवर होता. डॉक्टरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

‘‘खाऊ द्या. जे खाईल ते द्या.’’

‘‘पण मीठ...’’

‘‘आता चालेल.’’

बायकोने फोन खाली ठेवला. तिचे वडील गेले त्याच्या आधी त्यांच्या डॉक्टरांनी हेच वाक्य म्हटलं होतं, आणि मग तिने धावपळ करून त्यांच्या आवडीचं तिसऱ्यांचं, शिंपल्यांचं, सुकं केलं होतं. या वाक्याचा अर्थ तिला समजावून सांगावा लागणार नव्हता. तिने खिडकीच्या गजावरची पिशवी काढली, नळी गुंडाळली आणि ती कुठे ठेवावी ते न सुचून हातातच धरून बसली.

मावशीने मासळीबाजारात सगळ्यांना सांगितलं की सोनोग्राफीवाल्याला जमलं नाही ते तिच्या पेजेने केलं. ती रोज टोप आणू लागली. मांजर थोडे दिवस बोट चाटायची. मग नुसता वास घ्यायला लागली, आणि मग खाटेखाली जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. बायको तिथेच जमिनीवर बसून तिचे डोळे पुसत राहिली. आलेली पेज दुपारी आम्ही दोघं खायचो. चांगली असायची.

रिकामा टोप न्यायला आलेली मावशी आवाराच्या दगडी गडग्यापलीकडूनच विचारायची, ‘‘खाल्ल्यान मगे?’’

‘‘खाल्ल्यान,’’ बायको सांगायची.