आपाच्या आवाजावरचा हार

मेथीच्या जुड्या बांधत होते तेव्हा आपाच्या नसीमचा फोन आला. "खाला, अम्मी गेली." एवढंच बोलली. मी दुकान तसंच शेजारणीच्या हवाली केलं आणि अमरावतीहून अकोल्याची एसटी धरली. पोचले तोवर जनाजा निघून गेला होता. घरात बाया बसल्या होत्या, आणि बाहेर चौकात मात्र फ्लेक्स लागलासुद्धा... 'वऱ्हाडचा आवाज हरपला'. आपाचा फोटो कोपऱ्यात, पुढाऱ्यांचे मोठे. महिना होत आला, पण तो फ्लेक्स आठवला की अजून माझे दात आवळले जातात.

जुलेखाआपा लग्नाची वऱ्हाडी गाणी गायची. आम्ही भाजीवाले माळी, आमच्या घरच्या हळदीला ती आली आणि मला मागे कोरसला घेऊन गेली. तिची पहिली कॅसेट निघाली तेव्हा धामणगावच्या बाजारात ट्रॅक्टरवर, चहाच्या टपरीवर, जिथं तिथं आपाच वाजून राहिली होती. कॅसेटच्या कव्हरवर नऊवारीतली कोण कुठली पोरगी, आणि नाव? नावच नाही. 'पारंपरिक लोकगीते'. कॅसेटवाल्याला विचारलं तर म्हणाला, "बाई, तुमचं नाव टाकलं तर गिऱ्हाईक बिचकते." आपा हसली. "टाकू नको बापा. आवाज तं माहाच आहे ना?" तिला हसू आलं, मला नाही.

मग ती वाईट वर्षं आली. गावोगाव शेतकरी जीव देत होते आणि सरकारी गाडी आम्हाला घेऊन फिरत होती. लोकांना धीर द्यायचा, म्हणून गाणी. एका गावात मंडपात पहिल्याच ओळीत एक तरणी बाई बसवलेली, नवरा जाऊन थोडेच दिवस झालेले. फोटोवाला तिला सांगत होता, इकडं पाहा. आपाने पहिलं कडवं गायलं आणि थांबली. माईकवरच विचारलं, "या बाईले इथं काहून बसवलं?"

गाडीसोबत आलेले सरकारी साहेब म्हणाले, "कार्यक्रम आटपू द्या, मग बोलू."

"तिले घरी जाऊ द्या. मंग गाईन."

साहेबांनी स्वतः उठून माईकची वायर उपसली. आपा खाली उतरली, त्या बाईजवळ बसली. "काय पाहिजे तुले?" ती बाई म्हणाली, "पाणी. सकाळपासून बसवलं." आपाने तिला हाताला धरून घरी नेलं. मागून गावातल्या सगळ्या बाया निघाल्या. मंडपात साहेब राहिले आणि खुर्च्या.

त्यानंतर आपाला कुठल्याच कार्यक्रमाचं बोलावणं आलं नाही. लग्नात डीजे शिरले. नसीम शिलाई करायची, आपा काजंबटण लावत बसायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "आवाज बसला." आवाज बसला नव्हता. बसवला होता.

आणि त्या फ्लेक्सवाल्यांनी ठेवलेल्या शोकसभेचे अध्यक्ष कोण? तेच साहेब, आता निवृत्त. "शेतकऱ्यांचे अश्रू पुसणारा स्वर," म्हणाले, आणि तस्बिरीला हार घातला. मला राहवलं नाही. उभी राहून म्हटलं, "साहेब, त्या दिवशी वायर तुम्हीच उपसली होती. मी मागंच उभी होती." साहेबांनी घड्याळ पाहिलं. सूत्रसंचालकाने आभार मानले, चहा आला... लोक प्याले. मी नाही प्यायले.

तिथून नसीमकडे गेले. ती पुढच्या खोलीत मशीनवर होती. मी बसले न बसले तोच रस्त्यावरून वरात आली. डीजेने खिडकीची तावदानं थरथरली. नसीम आयुष्यात कधी गायली नव्हती. तिने मशीन थांबवलं, डावा कान तळहाताने झाकला, अगदी तिची आई गाताना झाकायची तसा, आणि हळदीचं गाणं गुणगुणायला लागली. ते बाहेर कोणाला ऐकू जाणार नव्हतं. तिची ओळ संपली आणि मागच्या कोरसची ओळ मी उचलली.