विमलबाईंचं तीन दिवसांचं मौन

आमच्या चऱ्होलीत विमलबाईंचा आवाज कुणाला माहीत नाही असं नाही. त्या सून होऊन आल्या तेव्हा इथं शेतं होती. आता तिथं बारा मजली इमारती उभ्या आहेत, तरी बाईंचं बोलणं बांधावरून हाक मारावी तसंच. बिल्डरचा माणूससुद्धा त्यांच्या दारावरून जरा लांबूनच जायचा.

त्यांच्या घरात एक रीत आहे. लग्नाची सुपारी फोडायच्या आधी ती थोरल्या बाईपुढं ठेवायची. तिनं नाही म्हटलं तर सुपारी तशीच परत न्यायची. सासूबाई गेल्यापासून थोरल्या विमलबाईच.

नात प्राजक्ता चाकणला कंपनीत क्वालिटीचं काम बघते. तिच्या बापाने, रणजीतने, तिच्यासाठी चाकणकडचं स्थळ आणलं. मुलाचं नाव विक्की. जमिनीच्या पैशावर दोन गाड्या, कामधंदा काही नाही, आणि संध्याकाळनंतर माणूस शुद्धीवर नाही. प्राजक्ता नको म्हणाली. रणजीत म्हणाला, "आजीपुढं सुपारी ठेवतो. ती नाही म्हणाली तर विषय बंद. पण नाही म्हणाली नाही, तर तुझंही तोंड बंद." पोरीने लगेच शब्द दिला. आजी काय म्हणणार हे तिला ठाऊक होतं.

आणि नेमकं तेव्हाच आळंदीच्या अलीकडच्या मठात मौनाचं शिबिर निघालं. तीन दिवस बोलायचं नाही, लिहायचं नाही, खूणही करायची नाही. माझी तिथं स्वयंपाकघरात सेवा होती, म्हणून मला मौन नव्हतं. आत जाताना विमलबाई कानाशी येऊन म्हणाल्या, "प्राजूचं हे स्थळ मोडावं म्हणून माऊलीपुढं मौनाचा नवस बोललेय मी. आता मान कापली तरी तोंड उघडायची न्हाई."

मी म्हटलं, "मावशी, तोंडाने नाही म्हणालात की मोडेल की."

"म्हननारच हाय गं. पन त्याला वरनं जोर नको का?"

मला ते पटलं. सगळ्या आयुष्यात बाईंनी देवाकडे जे मागितलं ते उपास करून, काहीतरी सोडून मागितलं. या खेपेला सगळ्यात अवघड तेच सोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रणजीत आला. सोबत मुलाचे चुलते दत्तोबा आणि भावकीतले चौघे. मठाच्या माणसाला वाटलं, आईच्या पाया पडायला आलेत. त्यांनी ओट्यावर बसलेल्या विमलबाईंपुढं सुपारी ठेवली.

मी भाजी निवडत होते, तशीच उठून गेले. म्हटलं, "रणजीत, उद्या संध्याकाळी मौन सुटतंय. एक दिवस थांब."

"काकू, तुम्ही भाजी बघा. घरचा विषय आहे." मग आईकडे वळून मोठ्याने म्हणाला, म्हणजे चौघांना ऐकू जावं, "आई, नाही म्हणायचं असेल तर म्हण. आम्ही मुकाट निघतो."

विमलबाईंनी डोळे मिटले. ओठ दातांत इतके घट्ट धरले होते, की मला वाटलं आता रक्त येईल. मी पुटपुटले, "मावशी, मौन मोडा. देव समजून घेईल." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, शब्द आला नाही. मौन मोडलं असतं तर नातीसाठी धरलेलं सगळं वाया गेलं असतं, हाच त्यांचा हिशेब.

दत्तोबा म्हणाले, "बघा राव, आईंचे डोळे भरून आले. एवढा आशीर्वाद कुणाला मिळतो?" सुपारी उचलली आणि घरी जाऊन फोडली.

मौन सुटल्यावर विमलबाईंनी माझ्याच फोनवरून लेकाला लावला. "मी न्हाई म्हनते. ऐकलंस का? न्हाई."

"आता काय उपयोग? पेढे वाटून झाले. तुला विचारलं तेव्हा तू समोरच होतीस."

त्यांना न्यायला प्राजक्ता स्कूटर घेऊन आली, अंगावर अजून कंपनीचा शर्ट.

"आजे, एक शब्द होता."

"तुझ्यासाठीच गप होते गं पोरी. माऊलीला..."

"माझ्यासाठी गप बसणारे घरात काय कमी होते?" पोरीने गाडी चालू केली. विमलबाई मागे बसल्या, पण नेहमीसारखा तिच्या खांद्याला हात लावला नाही. सीटमागचा दांडा धरून बसल्या.

मी घरी येऊन देवापुढे दिवा लावला, पण नाव तोंडात येईना. तीन दिवस ज्याच्यासाठी बाईंनी जीभ गिळली, त्याला एका माणसाला दारात अडवता आलं नाही. हे लिहू नये, तरी लिहिलं.

हळदीला रणजीत येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "आईने मठात, मौनात असताना आशीर्वाद दिलाय." ते ऐकून बाया रांगेने विमलबाईंच्या पाया पडत होत्या. त्या पाय लुगड्याखाली ओढून घेत होत्या, आणि बाया एकमेकींना म्हणत होत्या, बघा किती साधी बाई.