मुन्शीजींची पाचवी फळी

मुन्शीजी पुस्तकाला हात लावण्याआधी दाढी झाडत. दाढीतला रुईचा तंतू पानांत गेला की पान खराब होतं, असं त्यांचं ठाम मत होतं. हंगामात अमरावतीच्या कापूसबाजारात रुई कोणाच्या अंगावर नसायची? पण दाढी झाडून, हात धुऊन मगच पुस्तक उघडणारा माणूस अख्ख्या बाजारात तो एकच. लोक हसत. सुरुवातीला मीही हसलो.

तेव्हा अमेरिकेत लढाई पेटली होती. तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आमच्या वऱ्हाडाच्या कापसाला चांगले दिवस आले. मी एका अडत्याकडे कारकून होतो, विशी नुकती ओलांडलेला. मुन्शीजी साठीचे. वीसेक वर्षांपूर्वी ते एका अमेरिकन साहेबाचे दुभाषी होते. हा साहेब आमच्या लोकांना तिकडचं बी पेरायला शिकवायला आला, दोन-तीन हंगामांत वैतागला आणि पुस्तकांची पेटी मुन्शीजींकडे टाकून परत गेला. त्या पेटीवर मुन्शीजी नीट इंग्रजी वाचायला शिकले, आणि त्यांच्याकडून मी. फी किती म्हणून विचारलं तर म्हणाले, "दाढी तर नाही तुले. हात तेवढे धुऊन येत जाय."

त्यांच्या खोलीत भिंतीला पाच फळ्या ठोकलेल्या होत्या. "हे पाय भाऊ," ते म्हणायचे, "त्या मुलखानं काय काय लेहलं, ते असं वरून खाली वाचाचं. मंग मुलूख समजते." सगळ्यात वर जहाजातून उतरलेल्या पहिल्या लोकांची प्रवचनं, सगळी देवाच्या धाकाची. दुसरीवर राजाशी भांडण काढणारी चोपडी. तिसरीवर जंगलाच्या, शिकाऱ्यांच्या आणि अंधाऱ्या घरांतल्या पापांच्या गोष्टी. चौथीवर अशा लोकांचे निबंध की ज्यांना देव प्रार्थनाघरात सापडेना, म्हणून ते त्याला झाडापाण्यात शोधायला निघाले. ही फळी मुन्शीजींची लाडकी होती. "आपल्या फकिरावानी हायेत हे लोक. जेवाच्या वेळेले मात्र घरी येतात," असं म्हणून ते स्वतःच खुदकन हसायचे.

पाचव्या फळीवर एकच पुस्तक होतं. साहेबाने ते कचऱ्यात फेकलं होतं आणि मुन्शीजींनी उचलून, पुसून ठेवलं होतं. गुलामीतून पळालेल्या एका माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेली स्वतःची हकिकत. "वरच्या चार फळ्याईवर मुलूख सोताबद्दल बोलते," मुन्शीजी म्हणाले. "इथं त्याच्या टाचेखालचा माणूस बोलते." दिवसभर वेचलेला कापूस संध्याकाळी तोलायचे, आणि वजन कमी भरलं की पाठीवर चाबूक, असं त्यात होतं. तिकडची लढाई अशाच गुलामांवरून पेटली आहे, हे मुन्शीजींनी तेव्हा सांगितलं. संपवलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. हे लोक लवकर सुटले पाहिजेत, असं मी मुन्शीजींना म्हणालो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "लागलं तुले," एवढंच बोलले.

आणि हाच मी, ऐका पुढे काय केलं ते.

श्रावणात बाजारात वावडी उठली की तिकडे समेट होणार. भाव गडगडले. आमच्या शेठजींचं कोठार छतापर्यंत भरलेलं होतं. मीही लोभाने चार गाड्या कापूस दाबून ठेवला होता. सगळे अडते जमले आणि ठरलं, देवीला नवस बोलायचा: लढाई दिवाळीपर्यंत संपू नये, चांदीचं बोंड वाहू. पण देवीला सांगायचं कसं? गुरवाला त्या देशाचं नाव धड उच्चारता येईना. शेठजी माझ्याकडे वळले. "तू इंग्रजी शिकला ना बाप्पा? मंग तूच बोल. देवीले नीट समजलं पायजे."

मी नारळ हातात घेतला. मला 'नाही' म्हणता आलं असतं. कारकुनी गेली असती, फार तर.

मुन्शीजींच्या कानावर हे कुठून गेलं, कोण जाणे. ते देवळाच्या फाटकाबाहेर येऊन उभे राहिले आणि सगळ्यांदेखत शांतपणे म्हणाले, "कावून रे भाऊ? तू तर ते पुस्तक वाचलं होतं ना?"

"कोनतं पुस्तक?" शेठजींनी मला विचारलं.

"कोणतंच नाही," मी म्हणालो. "मुन्शीजींचं आता वय झालं, काहीबाही बोलतात."

लोक हसले. मी देवीकडे तोंड केलं आणि त्या देशाचं नाव अगदी स्वच्छ उच्चारलं. मुन्शीजींनीच शिकवलेल्या उच्चारात.

त्यानंतर मी त्यांच्या घराकडे फिरकलो नाही. ते पेटी घेऊन बार्शीटाकळीला लेकीकडे गेले असं कळलं, तेव्हा मला बरंच वाटलं. खोटं कशाला सांगू. आता बाजारात समोर यायला कोणी उरलं नव्हतं.

लढाई दिवाळीपर्यंत संपली नाही. भाव पुन्हा चढले, माझ्या चार गाड्या विकल्या गेल्या. चांदीचं बोंड वाहायला ताट माझ्याच हातात दिलं होतं.

मार्गशीर्षात शेठजींच्या कामाने अकोल्याला गेलो, तेव्हा राहवेना म्हणून बार्शीटाकळी गाठली. मुन्शीजी बाजेवर होते, दमा वाढला होता. मी पाय धरले. सगळ्यांसमोर तुम्हाला वेडं ठरवलं, माफ करा म्हणालो.

"त्याचं काय एवढं," ते म्हणाले. "वय तर झालंच हाये." मग थोडा वेळ दम खाऊन त्यांनी विचारलं, "नवस पावला म्हनते. किती महिने भेटले तुमाले?"

आजवर ते मला 'तू' म्हणत आले होते.

"चार," मी म्हणालो.

"चार महिने." त्यांनी मान हलवली. "आन् त्या पुस्तकातल्या लोकाईले?"

 लेकीने गूळपाणी आणलं, ते न घेताच उठलो. मुन्शीजी त्याच महिन्यात गेले.

पुढे लढाई संपली, तिकडचे लोक सुटले. इकडे भाव कोसळले आणि आमच्या बाजारात घरचं माणूस गेल्यासारखी रडारड झाली. लढाया काही वऱ्हाडातल्या नारळाने लांबत नसतात, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आलो आहे. ते खरंही असेल. पण मी ते मनापासून मागितलं होतं.