लीडरच्या घरचं भाडं

फेब्रुवारीचा पहिला शनिवार. वर्षाच्या भाड्याची रक्कम छत्तीस हजार दिरहम, चार चेकमध्ये. तेवीसच्या दराने आठ लाख अठ्ठावीस हजार रुपये. हजर: मी, माझी बायको, समोरच्या फ्लॅटमधली सिस्टर आणि घरमालकाचा इजिप्शियन माणूस. जागा आमचा हॉल, कारण सिस्टरच्या टेबलावर नवऱ्याच्या प्रचारपत्रकांचे गठ्ठे पडले होते. आम्ही राहतो त्या आखातातल्या फुजैरात छपाई स्वस्त पडते म्हणून त्याने ती इथे छापून घेतली आणि विमानात वजन जास्त भरल्यावर अर्धी मागे ठेवली.

सिस्टर इथल्या हॉस्पिटलात नर्स. नवरा-बायको दोघेही कॅरिबियनमधल्या एका लहानशा बेटावरचे. तो बंदरात टँकरमधलं तेल मोजायचा. टर्मिनलवरची आपली कोकणातली पोरं त्याला ‘लीडर’ म्हणत. तिकडे तो केळीच्या बागेतल्या मजुराचा मुलगा, मग शाळामास्तर, मग गोदी कामगारांच्या युनियनचा सेक्रेटरी. दोनदा निवडणुकीला उभा राहिला, दोनदा पडला, आणि दोन्ही वेळा पडल्यावर इथे परत येऊन नोकरीला लागला. इथे युनियन चालत नाही, म्हणून तो लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. लिफ्टमध्ये भेटला की चार मजले होईपर्यंत मला लोकशाही समजावायचा. यंदा तिसऱ्यांदा उभा होता. मतदान महिन्यावर आलेलं.

इजिप्शियन म्हणाला, ‘‘मदाम, सहा महिन्यांचा करार पण चालेल. मिस्टर जिंकला तर तुम्ही जाणार ना?’’

‘‘वर्षाचा लिही,’’ सिस्टर म्हणाली. ‘‘यल्ला, पेन दे.’’

तिने चार सह्या केल्या. मी आकडे तपासले. तो गेल्यावर बायकोने विचारलं, ‘‘सिस्टर, असं कसं? जिंकले तर?’’

‘‘भाभी, तो हरेल.’’ हिंदी-इंग्रजी मिसळून ती जे बोलली ते मला जसंच्या तसं आठवतं. ‘‘हरेल, परत येईल, आठ दिवस कुणाशी बोलणार नाही. मग मी मासे तळीन आणि तो जेवेल. मला तेवढंच हवंय. तिकडे तो सगळ्या बेटाचा असतो. इथे माझा असतो.’’

बायकोने पोह्यांवर खोबरं घालून बशी सिस्टरपुढे सरकवली.

मतदानाच्या आधीच्या आठवड्यात ती नाइट ड्युटी संपवून थेट आमच्याकडे आली होती, तेव्हा त्याचा फोन आला. इथे सकाळचे आठ, तिकडे मध्यरात्र. शेवटच्या सभेचं भाषण तिला ऐकवायचं होतं. तिने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. तो जगाच्या तेलबाजाराबद्दल, टँकरबद्दल, आखाताने वाळवंटात काय उभं केलं त्याबद्दल बोलत राहिला. आमची मुलगी कॉलेजला निघाली होती. बूट घालता घालता हळूच म्हणाली, ‘‘ओ गॉड, सो बोअरिंग.’’

सिस्टरने डोळे मिटले होते. तिला गप्प राहता आलं असतं. ‘‘छान आहे’’ एवढं म्हणाली असती तरी चाललं असतं, आणि तिचं काम आपोआप झालं असतं. मी तिच्याकडे बघत होतो. तिने एक घास खाल्ला, पाणी प्यायली आणि फोनजवळ वाकली.

‘‘हे सगळं काढून टाक.’’

‘‘काय?’’

‘‘फुजैरा कुणी पाहिलंय तिथे? त्यांना पुलाचं सांग. पाऊस आला की पूल बुडतो आणि दिवस भरलेल्या बाईला खुर्चीत बसवून चार माणसं ओढ्यातून नेतात. तुझ्या आईला तसंच नेलं होतं. खुर्ची कुणाची होती, उचलणारे कोण होते, नावं घेऊन सांग. ती माणसं समोर बसलेली असतील.’’

पलीकडे कागदांची सळसळ ऐकू आली. मग तो म्हणाला, ‘‘पुन्हा सांग. लिहून घेतो.’’

तिने पुन्हा सांगितलं, हळूहळू, वॉर्डात पेशंटला गोळ्यांच्या वेळा सांगतात तसं.

निकाल इथे सकाळी आला. ती ड्युटीच्या कपड्यांतच आमच्या सोफ्यावर बसली होती. मुलगी लॅपटॉपवर आकडे वाचत होती. आमच्या इमारतीत राहतात त्याहून कमी माणसांच्या फरकाने लीडर निवडून आला.

‘‘आंटी, ही वॉन!’’

‘‘खलास,’’ सिस्टर म्हणाली. मोठ्याने हसली आणि हसता हसता रडायला लागली. बायकोने तिचं डोकं खांद्यावर घेतलं. तेवढ्यात लीडरचा फोन. तिने तो स्पीकरवर टाकला. मागे ढोल, शिट्ट्या, गाणी.

‘‘कधी येतेस?’’ तो ओरडून विचारत होता.

‘‘माझी लीज आहे.’’

‘‘कसली लीज?’’

‘‘वर्षाची. चार चेक दिलेत.’’

ढोलाचा आवाज मागे पडला, तो बाजूला गेला असावा. मग म्हणाला, ‘‘म्हणजे ती सही करून तू माझ्या विरोधात मत दिलंस.’’

‘‘दिलं. एकच होतं.’’

‘‘आणि तरी ते पुलाचं मला सांगितलंस?’’

‘‘भाषण वाईट होतं,’’ ती म्हणाली. ‘‘तू वाईट भाषण करून हरलेलं मला नको होतं.’’

तो हसायला लागला. मग तोही हसता हसता रडला आणि आम्ही तिघं स्वयंपाकघरात गेलो.

ती जायचं की नाही ते दोन आठवडे ठरवत होती. बायको तिला रोज चहाला बोलवायची, पण त्या विषयावर एक शब्द काढायची नाही. एका संध्याकाळी सिस्टरच म्हणाली, ‘‘भाभी, पूल बांधतील तेव्हा बांधतील. तोवर दिवस भरलेल्या बायकांना ओढ्याच्या अलीकडेच ठेवून घ्यायला एक खोली हवी. तिथे नर्स नाहीये.’’ दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा दिला.

इजिप्शियनने करार मोडल्याबद्दल दोन महिन्यांचं भाडं मागितलं. मी एकावर अडून बसलो. तासाभराने ‘‘हबीबी, तुझ्यासाठी’’ म्हणत तो कबूल झाला. न वटवलेले तीन चेक त्याने परत दिले. सिस्टरने ते आमच्या समोर फाडले. दंडाचे पैसे तिने द्यायचे नाहीत, असं लीडरने फोनवर बजावलं होतं. एप्रिलच्या शेवटी त्याच्या पहिल्या पगारातून तीन हजार दिरहम, म्हणजे एकोणसत्तर हजार रुपये, माझ्या खात्यावर आले. ते मी घरमालकाच्या माणसाला दिले.